जोडणी न होणे आणि जोडणी तुटणे

नवा गेमिंग कन्सोल खोक्यातून काढून टीव्हीला जोडायला अर्धा तासही लागला नाही. त्याच्या बिनतारी कंट्रोलरने मात्र पुढचे जवळजवळ तीन आठवडे खाल्ले. या काळात माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक म्हणजे तक्रार नीट न मांडणे. ‘कंट्रोलर कनेक्ट होत नाही’ एवढेच मी स्वतःशी आणि इतरांशी म्हणत राहिलो, आणि त्या एका वाक्यात दोन पूर्णपणे वेगळे बिघाड दडले आहेत हे ध्यानात यायला फार उशीर झाला. कंट्रोलर कन्सोलशी मुळात जोडलाच न जाणे हा एक बिघाड. जोडला गेल्यानंतर खेळता खेळता मध्येच तुटणे हा दुसरा. माझ्या वाट्याला हे दोन्ही एकाच आठवड्यात आले, त्यामुळे एकावरचा उपाय मी दुसऱ्यावर करून पाहत होतो आणि तो लागू पडला नाही की अधिकच गोंधळत होतो.

पहिल्या दिवशी सारे सुरळीत झाले. खोक्यात आलेल्या केबलने कंट्रोलर कन्सोलच्या पुढच्या पोर्टमध्ये लावला, मधले बटण दाबले, दिवा क्षणभर लुकलुकून स्थिर झाला. ही पहिली केबलजोडणी नुसती चार्जिंगसाठी असते असा माझा समज होता. प्रत्यक्षात कंट्रोलर आणि कन्सोल त्या तारेतून एकमेकांचे ब्लूटूथ पत्ते आणि एक गुप्त किल्ली ठरवून घेतात, ती दोघांच्याही स्मृतीत राहते, आणि केबल काढल्यावर त्या किल्लीच्या आधारे ते एकमेकांना हवेतून ओळखतात. पेअरिंग म्हणतात ते हेच. त्याच संध्याकाळी मी जुन्या कन्सोलची बाहेरची हार्ड डिस्क काढून नव्या कन्सोलच्या पुढच्या बाजूला रिकाम्या राहिलेल्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावली, म्हणजे जुने खेळ पुन्हा डाउनलोड करण्याचा त्रास वाचेल. हा तपशील इथेच सांगून ठेवतो, कारण त्या वेळी तो मला सांगण्याजोगा वाटला नव्हता.

चौथ्या दिवशी कंट्रोलर जोडला जाईना. मधले बटण दाबले की दिवा काही सेकंद लुकलुकायचा आणि विझून जायचा. बॅटरी उतरली असेल असे समजून मी टेबलाच्या खणातली हाताला लागेल ती केबल घेतली आणि कंट्रोलर कन्सोलला लावून तासभर ठेवला. चार्जिंगचा दिवा व्यवस्थित लागला, म्हणजे केबल चांगली आहे असा निष्कर्ष मी काढला. तासाभराने बटण दाबले तर पुन्हा तेच. केबल लावलेली असतानाही कन्सोल कंट्रोलरला ओळखेना, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा ‘नवाच पीस सदोष निघाला’ हा विचार आला.

दोष केबलचा होता, आणि तो असा की नुसते पाहून कळणार नाही. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. हेडफोन, दाढीचे यंत्र, छोटे दिवे अशा वस्तूंबरोबर येणाऱ्या काही केबलींमध्ये माहितीच्या तारा नसतातच, कारण त्या वस्तूंना फक्त चार्ज व्हायचे असते. अशा केबलीतून कंट्रोलरला वीज मिळत होती, पण कन्सोलशी एक अक्षरही बोलता येत नव्हते. तीच केबल मी संगणकाला लावून पाहिली. कंट्रोलर चार्ज होऊ लागला, पण जोडलेल्या उपकरणांच्या यादीत त्याचे नाव उमटले नाही. खोक्यातली मूळ केबल लावताच ते उमटले. त्या दिवशी मी खणातल्या साऱ्या केबली अशाच तपासल्या आणि ज्यांत माहिती जात नव्हती त्यांना पांढऱ्या चिकटपट्टीची खूण केली. सातपैकी तीन निघाल्या.

मूळ केबल लावल्यावर कन्सोलने कंट्रोलरला ओळखले, पण मूळ प्रश्न उरलाच होता: एकदा झालेले पेअरिंग आपोआप मोडले कसे? कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पाहिले तर नोंदवलेल्या उपकरणांच्या यादीत कंट्रोलर होता. उलगडा झाला तो बहिणीच्या घरी सहज केलेल्या फोनवर. भाची आदल्या रविवारी आमच्याकडे आली होती.

“मामा, मी तो माझ्या टॅबलेटला जोडून बघितला होता. दोनच मिनिटं. मग परत जागेवर ठेवला.”

“परत कन्सोलला जोडलास का?”

“तो आधी जोडलेलाच होता ना!”

तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. कन्सोलच्या बाजूने ते खरेच होते. पण माझा कंट्रोलर एका वेळी एकाच यंत्राची ओळख लक्षात ठेवतो. टॅबलेटशी जोडताना त्याने कन्सोलची किल्ली पुसून टॅबलेटची घेतली. कन्सोलच्या यादीत कंट्रोलर होता, कंट्रोलरच्या स्मरणात कन्सोल राहिला नव्हता. म्हणजे मी बटण दाबत होतो तेव्हा तो हातभर अंतरावरच्या कन्सोलला सोडून, दुसऱ्या घरी गेलेल्या टॅबलेटला हाका मारत होता आणि उत्तर न आल्याने थकून झोपी जात होता. (काही नवे कंट्रोलर एकाहून अधिक यंत्रांची ओळख ठेवतात आणि बटणांच्या ठरावीक जोडीने त्यांच्यात अदलाबदल करता येते, माझा तसा नाही.)

मी कन्सोलच्या यादीतून कंट्रोलर काढून टाकला, कन्सोल पूर्ण बंद केला आणि कंट्रोलर रीसेट केला. त्याच्या मागच्या बाजूला एक बारीक छिद्र असते, त्यात मोबाइलचे सिम काढायची पिन घालून आतले बटण पाचेक सेकंद दाबून धरावे लागते. पिन आत गेल्यावर एक हलकी ‘टिक’ जाणवली पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर पिन वाकडी गेली आहे. पुढच्या बाजूलाही तशीच बारीक छिद्रे असतात, पण ती मायक्रोफोनची असतात आणि त्यांत पिन खुपसणे म्हणजे नसता उपद्व्याप. रीसेट झाल्यावर मूळ केबलने पुन्हा पेअरिंग केले, केबल काढली, बटण दाबले, दिवा स्थिर. पहिला बिघाड इथे संपला, आणि तो एकमेव बिघाड होता असे समजून मी त्या रात्री निश्चिंत झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खेळायला बसलो आणि सात-आठ मिनिटांत पडद्यावरचा माणूस माझे ऐकेनासा झाला. मी कंट्रोलरवरची दिशा देणारी काडी सोडून दिली होती, तरी तो सरळ चालत राहिला आणि कड्यावरून खाली गेला. तो पडताना माझ्या हातातला कंट्रोलर रीतसर थरथरला. पाठोपाठ ‘कंट्रोलर पुन्हा जोडा’ असा मजकूर आला. बटण दाबले, लगेच जोडला गेला, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच. आठवून पाहिले तर पहिल्या दिवसापासून असे एक-दोनदा होत होते. नव्याच्या नवलाईत मी तिकडे काणाडोळा केला होता.

आता मी जे केले ते कोणीही करील तेच. पुन्हा रीसेट, पुन्हा पेअरिंग, मूळ केबलच वापरली आहे ना याची पुन्हा खात्री. थोडक्यात, जोडणी न होण्यावरचे सारे उपाय मी जोडणी तुटण्यावर लागू केले. प्रत्येक वेळी पुन्हा जोडल्यावर काही मिनिटे सगळे ठीक चाले, त्यामुळे प्रत्येक उपाय लागू पडल्यासारखा वाटे. अधूनमधून होणाऱ्या बिघाडाचा हाच तर त्रास असतो. कन्सोलचे आणि कंट्रोलरचे फर्मवेअरही, म्हणजे यंत्र चालवणारे आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत केले. कंट्रोलरचे अपडेट मी केबल लावून केले आणि मध्ये केबल निघू दिली नाही. ते झाल्यावर एक संपूर्ण संध्याकाळ निर्विघ्न गेली आणि मी घरात जाहीर करून टाकले की दोष सॉफ्टवेअरचा होता. दुसऱ्या संध्याकाळी तासाभरात चारदा जोडणी तुटली.

मग ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडची व्यक्ती सौजन्याने बोलली, तिने तिच्यापुढची यादी क्रमाने वाचली, आणि मी सगळे करून झाल्याचे सांगितल्यावर कन्सोल मूळ स्थितीत नेण्याचा सल्ला दिला. त्यात साठवलेले सारे पुसले जाते, म्हणून मी तो टाळला आणि त्याऐवजी कंट्रोलर बदलून मागितला. आठवड्याभरात दुसरा आला. पेअर केला, खेळायला बसलो, अकराव्या मिनिटाला पडद्यावरचा माणूस भिंतीला टेकून चालत राहिला.

त्या क्षणी चडफडलो खरा, पण आज मागे पाहता त्या बदललेल्या कंट्रोलरइतकी उपयोगी गोष्ट दुसरी झाली नाही. दोन वेगळे कंट्रोलर, बिघाड अगदी एकसारखा. म्हणजे कंट्रोलर निर्दोष. मग मी एक वही घेतली आणि प्रत्येक वेळी जोडणी तुटली की वेळ, चालू असलेला खेळ, बॅटरीच्या किती रेघा उरल्या आहेत आणि मी कुठे बसलो आहे हे लिहू लागलो. बॅटरीचा संबंध पहिल्याच दिवशी निकालात निघाला. बसण्याच्या जागेचा थोडा होता: पाय वर घेऊन, कंट्रोलर मांडीच्या आड धरून बसलो की जोडणी लवकर तुटे. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि आपले शरीर बरेचसे पाणीच असल्याने ते चांगलेच आडोशाचे काम करते. पण सरळ बसूनही जोडणी तुटतच होती.

चार दिवसांच्या नोंदींतून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. मी आलटून पालटून दोन खेळ खेळत होतो, एक जुन्या कन्सोलच्या काळचा आणि एक नवा. वहीतल्या चौदा नोंदींपैकी तेरा जुन्या खेळाच्या होत्या. मी लगोलग सिद्धान्त मांडला की जुन्या पिढीच्या खेळाचे नव्या यंत्राशी जमत नाही. सिद्धान्त सुटसुटीत होता, नोंदींशी जुळत होता, आणि साफ चुकीचा होता. तो मी दोन दिवस उराशी धरून ठेवला आणि जुना खेळ खेळणेच बंद केले.

तो मोडला तो जागेच्या टंचाईने. नव्या कन्सोलसाठी बनवलेले खेळ त्याच्या आतल्या साठवणीतूनच चालतात. जुन्या पिढीचे खेळ मात्र बाहेरच्या हार्ड डिस्कवरूनही थेट खेळता येतात. माझा जुना खेळ त्या हार्ड डिस्कवर होता. आत थोडी जागा मोकळी झाल्यावर मी तो आत हलवला आणि डिस्क दुसऱ्या कामासाठी काढून घेतली. त्या रात्री गंमत म्हणून तोच जुना खेळ लावला आणि पावणेदोन तास खेळलो. एकदाही जोडणी तुटली नाही. वही उघडून बसलो होतो, तिच्यात लिहायला काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी खेळ तसाच आत ठेवून फक्त डिस्क पुन्हा पुढच्या पोर्टमध्ये लावली आणि तिच्यावर एक मोठी फाइल उतरवायला घातली. तिसऱ्या मिनिटाला कंट्रोलर गेला. फाइल थांबवून डिस्क काढली. कंट्रोलर परत आला आणि टिकला. पुन्हा लावली, पुन्हा गेला. असे पाच वेळा करून पाहिले, कारण फर्मवेअरच्या वेळची फजिती अजून ताजी होती.

हार्ड डिस्क बिनतारी नाही, मग तिचा हवेतल्या लहरींशी संबंध काय, हा प्रश्न मलाही पडला. उत्तर यूएसबीच्या वेगात आहे. २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० मध्ये माहिती सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने तारेतून धावते, त्याआधीच्या २.० चा वेग ४८० मेगाबिट होता. एवढ्या वेगाने चढउतार होणारा विजेचा संकेत तारेतून, आणि विशेषतः जोडाच्या फटीतून, रेडिओ लहरींच्या रूपाने बाहेर सांडतो, आणि त्या सांडलवंडीचा पसारा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाही झाकतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये एका तांत्रिक टिपणात हे मोजमापांसह मांडले आहे. त्यात तपासलेली उदाहरणे बिनतारी माउससारख्या उपकरणांची होती, पण कंट्रोलरही त्याच पट्ट्यात बोलतो.

तो पट्टा आधीच गजबजलेला असतो. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढ्या चिंचोळ्या गल्लीत वायफाय, ब्लूटूथ आणि अनेक बिनतारी कीबोर्ड-माउस दाटीवाटीने राहतात. ब्लूटूथने यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडतो: ते एका जागी थांबतच नाही. पारंपरिक ब्लूटूथ या पट्ट्याचे १ मेगाहर्ट्झचे ७९ भाग पाडते आणि सेकंदाला १६०० वेळा एका भागातून दुसऱ्यात उडी मारते. २००३ च्या १.२ आवृत्तीपासून तर जिथे गोंगाट आहे ते भाग वगळून उरलेल्यांतच उड्या मारण्याची सोयही झाली. वायफाय साधारण २० मेगाहर्ट्झ व्यापते. तेवढे टाळून ब्लूटूथला बाकीचे अंगण मोकळे मिळते. यूएसबी ३.० चा गोंगाट मात्र एका कोपऱ्यात नसतो, तो साऱ्या पट्ट्यावर सारखा पसरतो. उडी मारायची कुठे? तो गोंगाट तसा क्षीण असतो, पण माझी डिस्क आणि तिची केबल कन्सोलच्या पुढच्या अंगाला खेटून होती, आणि कंट्रोलर मात्र तीन मीटरवर, लहानशा बॅटरीवर, माझ्या हातांच्या ओंजळीत. कानाशी पंखा घरघरत असताना पलीकडच्या खोलीतून कोणी हळू आवाजात काही सांगावे, तशी कन्सोलची अवस्था झाली होती.

आणि मग तो कड्यावरून पडणारा माणूस आठवला. तो पडताना कंट्रोलर थरथरला होता, म्हणजे कन्सोलचा निरोप माझ्यापर्यंत पोहोचत होता. माझ्या बोटांचा निरोप तेवढा कन्सोलला ऐकू जात नव्हता. गोंगाट माझ्या बाजूला असता तर हे उलटे व्हायला हवे होते. दोष कन्सोलच्या आसपास शोधावा याची खूण पहिल्याच आठवड्यात माझ्या तळहातांना जाणवली होती आणि मी पिन घेऊन कंट्रोलरच्या छिद्रात डोकावत बसलो होतो.

उपाय फारसा अवघड नव्हता. डिस्क मागच्या पोर्टमध्ये लावली, तिची तोकडी केबल बदलून चांगले धातूचे वेष्टन असलेली एक मीटरची घेतली, आणि डिस्क टीव्हीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. एवढ्याने दिवसाला तीन-चार वेळा तुटणारी जोडणी दोन दिवसांत एकदा तुटण्यावर आली. ती एकदाची तुटणे कशाने, याचा शोध तुलनेने लवकर लागला, कारण आता मी एका वेळी एकच गोष्ट बदलत होतो. राउटर टीव्हीच्या फळीवर, कन्सोलपासून वीतभर अंतरावर होता आणि कन्सोल त्याच्याशी २.४ गिगाहर्ट्झवरच जोडलेला होता. त्याला ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर नेले आणि राउटर भिंतीच्या कोपऱ्यात वर टांगला. कन्सोल टीव्हीच्या मागे दडवलेला होता, तोही पुढे ओढला. टीव्हीच्या पाठीमागचा धातूचा पत्रा लहरींना कसा अडवतो हे मला आधी सुचायला हवे होते.

बदलून आलेल्या कंट्रोलरबद्दल मात्र मनात थोडी बोचणी राहिली. परत पाठवलेला पहिला कंट्रोलर पूर्ण धडधाकट होता, आणि तो कुठल्या तरी तपासनिसाच्या टेबलावर, आसपास एकही हार्ड डिस्क नसताना, तासन्तास बिनतक्रार चालला असणार.

वही अजून कन्सोलशेजारीच आहे. तिच्यातली शेवटची नोंद पाच आठवड्यांपूर्वीची आहे आणि ती जोडणी तुटण्याची नाही, न होण्याची आहे: ‘रविवार. दिवा लुकलुकून विझला. टॅबलेट.’ या वेळी भाचीने घरी पोहोचल्यावर आपणहून फोन केला होता. मूळ केबल आणि पिन हाताशीच होती. दोन मिनिटांत काम झाले.